पोटखराब

मंडळी, सातबारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. निदान भावकीच्या भांडणात तरी. त्यात एक नोंद असते, 'पोटखराब'. लागवडीला न येणारं क्षेत्र. खडक, नाला, घळ, सगळं त्यात जातं. वसईतल्या आमच्या वाडीच्या उताऱ्यावर साडेतीन गुंठे पोटखराब आहे. जागेवर याल तर तिथे पाणी दिसेल. आम्ही त्याला बावखल म्हणतो.

बावखल म्हणजे विहीर नव्हे आणि गावतळंही नव्हे. वाडीच्या सखल कोपऱ्यात जुन्या माणसांनी हाताने खणून ठेवलेला हा खड्डा. पावसाळ्यात चार वाड्यांचं पाणी त्यात उतरतं, सावकाश मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरवठा करत राहतं. माझी आजी मे महिन्यात विहिरीतून पहिला पोहरा ओढला की त्यातलं घोटभर पाणी तोंडात धरायची. गिळायची नाही. जरा वेळाने थुंकून म्हणायची, "गोडं आहे अजून, पानवेलीला चालेल." आमच्या घरची प्रयोगशाळा तीच.

चव का बघावी लागते, ते सांगतो. आमची गावं समुद्र आणि खाडी यांच्या बेचक्यात आहेत. जमिनीखाली खारं पाणी आहेच. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. भूजलवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी टिकतं. आता हेच उलटं वाचा. वरचा एक फूट उपसून टाकलात तर चाळीस फुटांचा आधार गेला, आणि खालून खारं पाणी वर चढणार. एकदा चढलं की दोन पावसाळ्यांत ते मागे जात नाही.

म्हणून जमीन-पाणी वाचवायला वसईत झालेल्या लढ्याला नुसतं 'बिल्डरविरोधी' म्हटलं की मला ते अपुरं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित पट्ट्यातल्या जमिनी बांधकामाला खुल्या होऊ लागल्या, तेव्हा इमारती दिसण्याआधी गावात आले ते टँकर. रेल्वेलगत चाळी नि इमारती उठत होत्या, नळ नव्हते. मग आमच्याच विहिरींवर पंप बसले आणि गोडं पाणी रात्रंदिवस बाहेर जाऊ लागलं. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती या दिवसांत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे अग्रणी. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून 'टँकरच्या वेळचे फादर' म्हणतात. वाडवळ, सामवेदी, कुपारी, आगरी, कोळी ही मंडळी एरवी लग्नाच्या जेवणावरूनही एकमेकांना टोमणे मारतात, पण त्या मोर्चांत एकत्र होती. गुंडांची दहशत होती, हे आज सांगावं लागतं, कारण तरुणांना ती गोष्ट सिनेमातली वाटते.

पुढचा टप्पा कागदावरचा. १९९० मध्ये या भागाचं नियोजन सिडकोकडे, म्हणजे सरकारच्या शहरं वसवणाऱ्या महामंडळाकडे गेलं. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि त्रेपन्न गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. महापालिका आली की ग्रामपंचायत जाते, आणि ग्रामपंचायतीबरोबर ग्रामसभा जाते. जिथे माणूस उभं राहून "हे आम्हाला नको" असं तोंडावर म्हणू शकत होता, ती जागाच गेली. 'गावं वगळा' ही मागणी त्यातून आली आणि त्याच वर्षी श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित त्या जोरावर आमदार झाले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, महापालिका कोर्टात गेली. २०२४ मध्ये तीच गावं पुन्हा महापालिकेत घेण्याची अधिसूचना निघाली. एवढ्या वर्षांत शाळेत जाणारी मुलं बाप झाली.

आता थोडं आमच्याविरुद्ध बोलतो. जमीन कोणी हिसकावून नेली, असं दरवेळी झालेलं नाही. आम्हीच विकली. तीन भाऊ, चौदा गुंठे, आणि पानवेलीच्या मांडवावर चढायला एकाचाही मुलगा तयार नाही. मोर्चात पुढे असलेल्या काही घरांच्या अंगणात आज चार मजले उभे आहेत. आणि समोर नालासोपाऱ्यात जो माणूस वन रूम किचनमध्ये राहतो, त्याला मुंबईने परवडेना म्हणून बाहेर ढकललंय. २०११च्या जनगणनेत या शहरात बारा लाखांवर माणसं होती. ती काय हौसेने आली? त्यांच्यावर राग धरणं मला कधी जमलं नाही. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या. त्याच पाण्यात आमच्या गावांतली घरंही होती. पाणी मुरायच्या जागा भरल्या की ते वर कोण राहतं हे विचारत नाही.

एका आराखड्यावर मी हरकत घेतली होती. सुनावणीला गेलो. साहेब सज्जन होते, खुर्ची दिली. म्हणाले, "तुमचं हे बावखल नकाशात दाखवा." मी म्हटलं, "नकाशात नाही, जागेवर आहे." त्यांनी सातबारा मागितला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथे तर पोटखराब लिहिलंय. म्हणजे शेतीच्या उपयोगाचं नाही. मग भराव घातला तर नुकसान काय?" मला उत्तर येत होतं, पण चाळीस फुटांचा हिशेब तीन मिनिटांत बसेना. बाहेर माझ्यामागे साठ-सत्तर माणसं रांगेत होती.

परत आलो आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज लिहिला. 'पोटखराब'च्या जागी 'बावखल' लिहा, एवढीच मागणी. कार्यालयातल्या मुलाने कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. म्हणाला, "काका, यादीत हा शब्दच नाही. तळं टाकू?" मी म्हटलं, "टाक बाबा." त्याने अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती घरी आजीच्या फोटोमागे ठेवलीय. नोंद अजून झालेली नाही.