‘सांगली’त अक्षरं किती?

(सांगलीतल्या एका वाचनालयात मराठीचे शिक्षक आणि संगणकाचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवात तुमच्या गावाच्या नावानेच करू. ‘सांगली’ या शब्दात अक्षरं किती?

डावीकडच्या शिक्षकांनी एका सुरात सांगितलं, तीन. सां, ग, ली. उजवीकडे लॅपटॉप उघडून बसलेल्या मुलांनी पायथनला, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या एका भाषेला, विचारलं, तर ते म्हणतंय सहा. आणि मागच्या बाकावरच्या मुलीने शब्द फाइलमध्ये ठेवून तिचा आकार पाहिला, ती म्हणते अठरा. तिघांचंही बरोबर आहे. प्रोग्रॅममध्ये एखादी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ‘एकेक अक्षर करून’ वाचायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो: अक्षर म्हणजे या तिघांपैकी कुणाचं?

फळ्यावर मांडून बघू. स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. झाले सहा. युनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या मानकाने यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिलाय, त्याला कोडपॉइंट म्हणतात. देवनागरीच्या मुख्य गटात १२८ जागा आहेत आणि त्यांची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. म्हणून ‘क’ला जसा क्रमांक आहे तसा काना, मात्रा, अनुस्वार यांनाही आहे, आणि हलन्ताच्या चिन्हालाही, शाळेत आपण ज्याला अक्षराचा पाय मोडणं म्हणतो ते चिन्ह.

अठरा कुठून आले? फाइलमध्ये हे क्रमांक बाइटच्या, म्हणजे आठ-आठ बिटांच्या गटांच्या, रूपात जातात. आज सगळीकडे चालणारी यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली बसवली. इंग्रजी अक्षराला तीत एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला तीन. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट. सी भाषेतला साधा लूप, म्हणजे एकामागून एक घटक उचलणारी आज्ञा, हे तीन आकडे तीन ‘अक्षरं’ म्हणून हातात देतो आणि त्यांतल्या एकट्यादुकट्याला काहीच अर्थ नसतो. पायथनचा लूप एक पायरी वर उभा आहे, तो कोडपॉइंट देतो. शिक्षकांचं अक्षर मात्र त्याच्याही एक पायरी वर आहे.

आता शेजारी-शेजारी दोन नावं लिहितो, ‘सातारा’ आणि ‘कृष्णा’. दोन्हींत सहा-सहा कोडपॉइंट, दोन्ही अठरा बाइटची. पण सातारा तीन अक्षरी आणि कृष्णा दोन अक्षरी. म्हणजे कोडपॉइंट मोजून त्याला तीनाने किंवा दोनाने भागलं की अक्षरं मिळतील, असला सोपा हिशेब इथे चालत नाही. शब्द चालत जाऊनच वाचावा लागतो.

मुलांनी ही एक गोष्ट आवर्जून ऐकावी, कारण ती माझ्या हातून घडलेली आहे. एका पतसंस्थेच्या सभासदांची यादी साफ करायची होती. नावांत मधेच आकडे, तारका, स्वल्पविराम घुसलेले. मी सरळ लूप लिहिला: एकेक कॅरेक्टर घ्यायचं, ते ‘अक्षर’ आहे का हे पायथनच्या तयार ‘इजअल्फा’ला विचारायचं, असेल तर ठेवायचं, नाहीतर टाकायचं. मोकळी जागा तेवढी राहू द्यायची. यादी छापून दिली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या वयस्कर कारकुनांचा फोन आला, “सर, यातला एकही सभासद माझ्या ओळखीचा नाही.” मी यादी उघडली. चंद्रकांतचा ‘चदरकत’ झाला होता, सुनीताची ‘सनत’. रमा आणि राम, दोघंही ‘रम’. युनिकोडने स्वर आणि व्यंजनं ‘अक्षर’ या वर्गात ठेवलीत, काना-मात्रा-हलन्त ‘चिन्ह’ या वर्गात. ‘इजअल्फा’ चिन्हाला नाही म्हणतं. इंग्रजीत जो लूप बिनघोर चालतो तोच मराठीत माणसांची नावं पुसून टाकतो. मूळ यादी जपून ठेवली होती म्हणून निभावलं, पण ‘रम’ हे नाव आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग करायचं काय? नियम फार मोठा नाही. लूपला एकाच गोष्टीची आठवण ठेवायला शिकवायचं: आत्ताच मागे काय गेलं. पुढे आलेलं चिन्ह असेल, तर ते चालू अक्षराला चिकटवा. स्वर आला, तर नवं अक्षर सुरू करा. व्यंजन आलं, तर मागे वळून बघा. मागे हलन्त असेल तर हे व्यंजन त्याच जोडाक्षरातलं, नसेल तर नवं अक्षर.

‘कृष्णा’वर चालवू. क आला, मागे काही नाही, पहिलं अक्षर सुरू. ऋकाराचं चिन्ह आलं, चिकटलं. ष आला, मागे हलन्त नाही, दुसरं अक्षर सुरू. हलन्त आला, चिकटला. ण आला, मागे हलन्त, म्हणजे नवं अक्षर नाही, ण आतच. काना आला, चिकटला. शब्द संपला. कृ आणि ष्णा, दोन. शिक्षक मंडळी, तुम्ही तिसरी-चौथीच्या मुलांना जोडाक्षर फोडायला शिकवता ते हेच, फक्त उलट दिशेने.

जाता जाता ‘मिरज’ बघा. डोळ्यांना आधी वेलांटी दिसते, मग म. जुन्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारावीही लागे. स्ट्रिंगमध्ये मात्र म आधी आणि वेलांटी नंतर असते. लूप उच्चाराच्या क्रमाने चालतो, दिसण्याच्या नाही. ही सोय फार चांगली झाली आहे.

नियम खरा की खोटा हे तपासायला आपल्याकडे उत्तम कसोटी आहे, अभंग. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. आजच्यापुरत्या चार ओळी मी जुळवून आणल्यात:

कृष्णेच्या काठाशी
हळदीची पोती
पिवळी ती माती
बाजारात

मोकळी जागा सोडून कोडपॉइंट मोजले तर सोळा, दहा, अकरा, सात. यात कुणाला छंद दिसणार? आपला नियम लावला की सहा, सहा, सहा, चार. शेकडो वर्षं लोकांनी बोटांवर आणि टाळांवर जे मोजलं ते यंत्राला पहिल्यांदा ‘दिसतं’ तेव्हा मला अजूनही भरून येतं.

हा हिशेब फक्त कवितेसाठी नाही. दूध संस्था उत्पादकांना एसएमएस पाठवते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजीत दर अक्षराला सात बिट, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीसाठी इथली पद्धत यूटीएफ-८ नाही, दर कोडपॉइंटला सोळा बिट, म्हणून ७०. इथे शिक्षकांचं मोजमाप लावाल तर संदेश फुटून दोन होतील आणि पैसेही दोनाचे पडतील. इथे कोडपॉइंटच मोजायचे. कुठे काय मोजायचं हे कामावरून ठरतं.

आता थोडं अवघड, आणि खास आपल्या भागातलं. ‘सातारा’ला ‘त’ प्रत्यय लावा: ‘साताऱ्यात’. हा अर्धा र रफारासारखा डोक्यावर जात नाही. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पहिल्यात नऊ कोडपॉइंट, दुसऱ्यात दहा, त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. दुसऱ्या प्रकारावर आपला मघाचा नियमही घसरतो. ‘य’ मागे वळून बघतो तर हलन्त नाही, अदृश्य चिन्ह उभं. तो नवं अक्षर सुरू करतो आणि साताऱ्यातची चाराऐवजी पाच अक्षरं होतात. म्हणून मागे बघताना ते चिन्ह ओलांडून बघायचं. ओलांडायचं म्हणतोय, पुसायचं नाही. मजकूर ‘स्वच्छ’ करणारे बरेच प्रोग्रॅम अदृश्य चिन्हं कचरा समजून काढतात. मग सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ एका फटक्यात ‘दर्या’ होतात, आणि दर्या म्हणजे समुद्र.

तयार साधनं नाहीत का? आहेत. स्विफ्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अक्षर म्हणजे ग्राफीम क्लस्टर, म्हणजे वाचणाऱ्याला एकच वाटणारा कोडपॉइंटचा गट. जावास्क्रिप्ट भाषेतही असे गट पाडणारा सेगमेंटर आहे. पण युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे ‘कृष्णा’ची फोड कृ, ष्, णा अशी तीन तुकड्यांत होई. जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला. जुन्या फोनवर तीन आणि नव्यावर दोन असं उत्तर आलं तर गोंधळू नका, आवृत्ती बघा.

शेवटी एका बाईंनी विचारलेला प्रश्न घेतो. अक्षरं मोजता आली, तर लघू-गुरूही मोजता येतील का? येतील, पण तिथे मागे बघून भागत नाही, पुढेही बघावं लागतं. ‘कृ’ ऱ्हस्व आहे, पण पुढे ‘ष्णा’ आहे, त्याचा आघात येतो, म्हणून गुरू. आणि बाई, तुम्हाला ठाऊकच आहे की प्रत्येक जोडाक्षराचा आघात मागे येत नाही. ‘दर्या’तला द गुरू, ‘दऱ्या’तला द लघूच. ‘तुझ्या’तला तु लघू. हे कोडपॉइंटच्या कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नाही, ते तुमच्या कानात आहे. तेव्हा अपवादांची यादी तुम्ही सांगायची आणि लूप या मुलांनी लिहायचा. सभागृह अजून तासभर आपल्याकडे आहे. या फळ्यापाशी, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ मी लिहून ठेवलेत, पुढचा शब्द तुम्ही सांगा.