क्रेमोना: व्हायोलिन नावाला, गोठा पोटाला

उत्तर इटलीतली ही पो नदी. तिच्या डाव्या तीराला, लोम्बार्डीत, क्रेमोना प्रांत पसरलाय. पसरलाय म्हणजे अक्षरशः! डोंगर सोडाच, नजर अडेल अशी टेकडीही नाही. पश्चिमेला अद्दा नदी, उत्तरेकडून ओल्यो नदी. क्षेत्र सुमारे १,७७० चौरस किलोमीटर, वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास.

जगाला क्रेमोना ठाऊक आहे ते व्हायोलिनमुळे. सोळाव्या शतकात आंद्रेआ आमाती यांनी इथे ही परंपरा रुजवली, पुढे स्त्रादिवारी यांनी ती कळसाला नेली. आजही शहराच्या गल्ल्यांत कारागीर स्प्रूसची फळी हाताने तासताना दिसतात. २०१२ मध्ये युनेस्कोनेही या कलेची दखल घेतली.

पण खरं सांगायचं तर प्रांताचं पोट व्हायोलिनवर भरत नाही. ते भरतं दुधावर.

शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका. शेतांना पाटाचं पाणी, आणि मक्याचा बराचसा भाग मुरघास, म्हणजे आंबवलेला चारा, होऊन गाईंच्याच पुढ्यात. दुधाचं होतं ग्राना पादानो चीज. एकेक चाक २४ ते ४० किलोंचं. किमान नऊ महिने मुरल्यावर पारखी त्यावर छोटी हातोडी वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. आवाज पोकळ आला, तर आत भेग. पास झालं तरच सालीवर तापल्या लोखंडाचा शिक्का. कान तयार हवा, तो इथेही!

क्रेमोना शहराजवळ पोलादाचा मोठा कारखाना आहे. याच प्रांतातल्या क्रेमा या दुसऱ्या शहराच्या परिसरात सौंदर्यप्रसाधनं बनतात. लिपस्टिक आणि गोठे शेजारी-शेजारी.

आता गोठ्यात या. धारांचं काम दिवसातून दोनदा. पहिली पाळी पहाटेच्या अंधारात. ना रविवार, ना नाताळ. स्थानिक तरुण यातून बाहेर पडत गेले आणि गेल्या तीन-चार दशकांत ही जागा घेतली पंजाबातून आलेल्या माणसांनी. गाई-म्हशींची सवय त्यांना घरचीच. मालकांनीही अनेकदा गोठ्यालगतचं घर राहायला दिलं. मग कुटुंबं आली, मुलं इथल्या शाळेत गेली, आणि २०११ मध्ये पेस्सिना क्रेमोनेझे या छोट्याशा गावात युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांपैकी एक उभा राहिला. रविवारी तिथे लंगर असतो. जेवून उठलेल्यांपैकी अनेकांना दुपारच्या धारांसाठी परत गोठा गाठायचा असतो.