काळा कोट कुणीही शिवून घेतो, सनद विचारा

(परळमध्ये भाडेकरूंच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या भागात कोर्टाची पायरी न चढलेलं घर शोधावं लागतं. कुणाची पागडीची खोली, कुणाचं भावाभावांचं भांडण, कुणाचा पुनर्विकासात अडकलेला हक्क. माणूस घाबरलेला असतो, कागद इंग्रजीत असतात, आणि कोर्टाच्या फाटकाशी काळ्या कोटातला कुणीतरी म्हणतो, "काळजी सोडा, मी बघतो." भाबडेपणा म्हणून याला हसू नका. भीतीचा फायदा घेणं हाच त्यांचा धंदा आहे.

काळा कोट आणि पांढरा बँड दुकानात विकत मिळतो. सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, विकत मिळत नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे राज्याच्या बार काउन्सिलकडे नोंद असलेलाच वकिली करू शकतो. आपल्याकडे ती नोंद बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे होते. सनद नंबर 'एमएएच', मग आकडा, मग वर्ष असा असतो. तो वकीलपत्रावर, म्हणजे तुमच्या वतीने उभं राहायला वकिलाला जो कागद सही करून देता त्यावर, लिहून घ्या आणि काउन्सिलकडे विचारून खात्री करा. नोंद दुसऱ्या राज्यातली असेल तर त्या राज्याच्या काउन्सिलकडे चौकशी करायची. खरा वकील यावर रागवत नाही. रागावला, तर मी तिथून उठून जाईन.

एक बाई माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या वकिलाने स्टे ऑर्डर, म्हणजे कोर्टाची स्थगिती, आणली होती. शिक्का होता, सही होती, पण दावा नंबरच्या जागी नुसतं वर्ष. दर महिन्याला तो फोन करायचा, "ताई, तारीख पडली, तुम्ही कशाला हेलपाटे घालता?" आणि पैसे न्यायचा. भाडेकरू-मालकाचा वाद, म्हणजे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चौकशी करायची. केली. त्यांच्या नावावर दावाच दाखल नव्हता. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच विचारलं, "म्हणजे मी कोर्टात कधी गेलेच नाही का?"

म्हणून वकील "येऊ नका" म्हणाला की नक्की जा. निदान एका तारखेला तरी जा. दावा दाखल झाला की त्याला नंबर पडतो, सोबत 16 अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो. कोर्टांच्या ई-कोर्ट्स या सरकारी ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. जमत नसेल तर नातवाला सांगा, पण नंबर तुमच्या वहीत हवा. ऑर्डर झाली म्हणाला, तर कोर्टातून सही-शिक्क्याची नक्कल स्वतः अर्ज करून काढा.

पैशाचंही सांगते. "जज्जसाहेबांना द्यायचेत" म्हणणारा चोर आहे, सनद असो वा नसो. "जिंकलात तर तीस टक्के" हा सौदाही बार काउन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकिलाला जाहिरात करून किंवा फोन करून अशील गोळा करायला मनाई आहे, तेव्हा अनोळखी "वकील" फोनवर केस जिंकून द्यायची हमी देत असेल तर फोन ठेवा. कुणी अटकेची भीती घातली तर लक्षात ठेवा, फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर अटक होत नसते. दटावून पैसे ऑनलाइन काढून घेतले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

सनद नसताना कोर्टात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, फसवणुकीचा गुन्हा वेगळा. पोलिसांत जा. सनद खरी पण वागणं खोटं असेल तर बार काउन्सिलकडे लेखी तक्रार करा.

आणि वकील परवडत नाही म्हणून दलालाकडे जाऊ नका. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 वर फोन करा. हा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलाय, कुणाचे उपकार नाहीत.

ज्यांनी आज कागद आणलेत त्यांनी थांबा. आधी वकीलपत्र बाहेर काढा, सनद नंबर बघू.