ओवाटोनाची बँक आणि ती नक्षी कोणी काढली

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं ओवाटोना, त्या काळी शेती आणि दूधदुभत्यावर चालणारं छोटं गाव, आणि हा सीडर आणि ब्रॉडवे या रस्त्यांचा कोपरा. समोर नॅशनल फार्मर्स बँक, १९०८ची. त्या काळात बँक म्हटलं की ग्रीक पद्धतीचे दगडी खांब ठरलेलेच, लोकांना भारदस्त वाटायला हवं ना, पण इथे बघा, एकही खांब नाही. खाली तांबूस दगडाचा पाया, त्यावर साधारण ६८ फुटांची चौकोनी विटांची पेटी आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजूंना ३६ फुटांची एकेक कमान, बस्स.

बँकेचे कार्ल बेनेट यांनी १९०६ मध्ये वास्तुविशारद लुई सलिव्हन यांचा एक लेख वाचला आणि थेट त्यांनाच बोलावलं. शिकागोत उंच इमारतींनी नाव कमावलेले हेच सलिव्हन, पण तोवर त्यांची कामं आटली होती.

आता वर कोपऱ्यात बघा, ही हिरवट-तपकिरी पानं, एकातून दुसरं फुटलेलं, गुंडाळलेलं, परत उलगडलेलं. हे दगडात कोरलेलं नाही, हा टेराकोटा आहे, भाजलेली माती. आधी कागदावर ड्रॉइंग, मग क्रिस्टियन श्नायडर नावाचे कारागीर ते हाताने मातीत उभं करायचे, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात माती दाबायची, आपल्याकडे गणपतीच्या कारखान्यात करतात तशीच, मग वाळवायची, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावायचं आणि भट्टीत टाकायची. माती भाजताना आकसते, म्हणून मूळ नमुना आधीच थोडा मोठा करावा लागतो, नाहीतर भिंतीवर तुकडे जुळणारच नाहीत.

आणि ती ड्रॉइंग्ज? पुष्कळशी सलिव्हन यांच्या ऑफिसातल्या जॉर्ज एल्म्सली यांच्या हातची. इमारत सलिव्हनचीच, त्यात वाद नाही, पण एल्म्सलींचं नाव दरवेळी मागे राहतं आणि हे बरोबर नाही, बेनेटना नक्षी नुसती आवडली असेल पण ती काढणारा माणूस वेगळा होता हे सांगायलाच हवं.

आत या. कमानीतून हिरवा-पिवळा उजेड येतो तो लुई मिले यांच्या काचांमधून. भिंतीवर ऑस्कर ग्रॉस यांनी रंगवलेल्या गायी, दुसरीकडे पिकाची कापणी, म्हणजे ज्यांचे पैसे इथे जमा व्हायचे त्यांचंच रोजचं जग. वरचे हे चार ओतीव लोखंडाचे दिवे, एकेकाचं वजन सव्वादोन टन, यांचंही डिझाइन एल्म्सलींचंच. कडेची पानं जवळून बघा, बाहेरच्या भिंतीवरचीच आहेत.

एल्म्सली १९०९ मध्ये सलिव्हनना सोडून गेले, सलिव्हन १९२४ मध्ये गरिबीत वारले, बँक १९२६ मध्ये बुडाली, पुढे इमारत दुसऱ्या बँकेकडे गेली आणि चाळीसच्या दशकात आतले जुने काउंटर, जाळ्या काढून टाकल्या. १९५०च्या दशकात बरंच सावरलं, १९७६ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. काढलेल्या जाळ्यांपैकी बहुतेक परत आल्याच नाहीत.