काट्यापासून खात्यापर्यंत

संध्याकाळचे सात. कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. फाउंड्रीच्या गेटवर भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढलाय. आत ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची हाउसिंग, प्रत्येकावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या कुठल्या वितळणीतून ते ओतलं त्याचा क्रमांक. भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा झालं, नग जुळले, मालासोबत जाणारं चलन निघालं. गाडी पुणे-बंगळूर हायवेला लागली.

चलनाची नोंद मात्र वेगळ्या वाटेनं निघते. डिस्पॅचचं सॉफ्टवेअर एका क्लाउडवर, बिलं आणि हिशेब दुसऱ्याच क्लाउडवर. हे कुणी आखून केलेलं नाही. एक आधी घेतलं, दुसरं सीएंनी सुचवलं म्हणून मागून आलं.

पूर्वी इथं थेट जोडणी होती. चलन सेव्ह केलं की लगेच हिशेबाच्या सर्व्हरला कॉल. महिनाअखेरीला तो सर्व्हर धापा टाकायचा, आणि इकडं काट्यावरच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहायचं. मागं गाड्या खोळंबलेल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत. बिलिंगचा ताण गेटवर येण्याचं काहीच कारण नाही. म्हणून दोघांच्या मध्ये मेसेज क्यू आली, म्हणजे उचलले जाईपर्यंत मेसेज थांबतात ती रांग. या कारखान्यानं घेतली ती अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस, 2006 पासून चालत आलेली सेवा. डिस्पॅचनं मेसेज क्यूत टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. हिशेबानं सवडीनं उचलायचा.

क्यू बसवली म्हणजे झालं, असं वाटतं. खरी मेहनत तिच्या दोन्ही टोकांना आहे.

पाठवणाऱ्याचं टोक आधी बघू. चलन डेटाबेसमध्ये लिहिलं, आता मेसेज पाठवायचा, आणि नेमका त्याच क्षणी प्रोग्रॅम बंद पडला. माल गेला, चलन आहे, हिशेबाला पत्ताच नाही. यावर उपाय आउटबॉक्सचा. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये चलन लिहिलं जातं, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ‘हे पाठवायचं आहे’ अशी ओळ दुसऱ्या टेबलात पडते. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. वेगळा एक प्रोग्रॅम ती ओळ उचलून क्यूत टाकतो, आणि क्यूची पोच मिळाल्यावरच ‘पाठवलं’ अशी खूण करतो. पोच मिळाली पण खूण करायच्या आत तोच कोसळला, तर? तर तो मेसेज पुन्हा जातो. जाऊ दे. हरवण्यापेक्षा दोनदा गेलेला परवडला.

दोनदा येण्याचं दुसरं कारण क्यूतच आहे. उचललेला मेसेज एसक्यूएस इतरांपासून लपवते, मुळातल्या सेटिंगप्रमाणे 30 सेकंद. तेवढ्यात काम उरकून तो पुसला नाही, की तो पुन्हा दिसू लागतो. बिल करायला 40 सेकंद लागली, तर तेच चलन दुसऱ्या वर्करच्या, म्हणजे क्यूतून मेसेज उचलणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती. एका मालाची दोन बिलं! एसक्यूएसचा फिफो प्रकार, म्हणजे आधी आलेला आधी बाहेर अशी क्यू, दुहेरी मेसेज गाळतो खरा, पण पाठवल्यापासून पाच मिनिटांच्या आत तोच पुन्हा आला तरच. तासाभरानं आलेला निर्धास्त आत शिरतो. त्यामुळं ‘आमच्याकडे मेसेज एकदाच पोचतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की थोडं सावध व्हावं.

हिशेबाच्या टोकाला म्हणूनच एक नोंदवही आहे. चलन क्रमांक आणि त्याची आवृत्ती, या जोडीवर युनिक की, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहिताच येत नाही. बिल आणि ही नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. जोडी आधीच असली, तर मेसेज गुपचूप पुसायचा. आवृत्ती कशाला? गाडी वाटेत बिघडली, माल दुसऱ्या गाडीत भरला, ई-वे बिलावर, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्यावर, नवा गाडी नंबर चढला. ही झाली आवृत्ती दोन. उशिरा पोचलेल्या आवृत्ती एकनं तिच्यावर लिहिता कामा नये.

[हिशेब विभाग. डिस्पॅचवाल्यांचा फोन चालू आहे.]

“मॅडम, त्या चलनात नग चुकल्यात. तुमच्याकडंच तेवढं दुरुस्त करा की.”

“मी नाही करणार. तुमच्याकडं दुरुस्त करा, इकडं आपोआप येतंय.”

मॅडमचा हा हट्ट म्हणजेच एकतर्फी जोडणी. इकडं हातानं दुरुस्ती केली, की खरं कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही.

पाच वेळा प्रयत्न करूनही न पचलेला मेसेज डेड लेटर क्यूत, म्हणजे अडलेल्या मेसेजांच्या वेगळ्या रांगेत जातो. बहुतेकदा कारण साधं असतं, नव्या ग्राहकाचं खातंच हिशेबात उघडलेलं नसतं. इथं एक बारकावा फार जणांना चकवतो. एसक्यूएस मेसेज सांभाळते मुळात चार दिवस, जास्तीत जास्त 14. साध्या क्यूत हे घड्याळ डेड लेटरमध्ये गेल्यावर नव्यानं सुरू होत नाही. पहिल्यांदा क्यूत पडल्यापासूनचेच दिवस मोजले जातात. तीन दिवस अडखळलेल्याला तिथं एकच दिवस उरतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद पडला. अशा दिवसांत डेड लेटर उघडून बघायला कोण बसणार? म्हणून त्या क्यूची मुदत पूर्ण 14 दिवस ठेवलीय. मुख्य क्यूतला सगळ्यात जुना मेसेज तासाभराचा झाला, की सुपरवायझरच्या फोनवर सूचना येते.

त्याउपर रोज रात्री ताळा होतो. दोन्हीकडच्या चलनांची संख्या, एकूण नग, एकूण वजन. फरक निघाला, तर त्या तारखेची सगळी चलनं आउटबॉक्समधून पुन्हा पाठवायची. आधी पोचलेली नोंदवहीवरून परत फिरतात, राहिलेल्यांची बिलं होतात. सुपरवायझर सकाळी आल्यावर पहिल्यांदा हीच यादी उघडतात, मग चहा.