वठलेली फांदी

(कसबा पेठ, तांबट आळी. हातोडीचा आवाज, मग भांडं.)

कसबा पेठेतली तांबट आळी. तांब्याचं घंगाळ मठारलं जातंय. हातोडी एका लयीत पडते, ठोक्याशेजारी ठोका, आणि भांड्याच्या अंगावर चमकत्या टिकल्यांची ओळ उमटत जाते. पेशवाईपासून ही आळी अशीच वाजते आहे.

(प्रभात रस्ता. गुलमोहराचा शेंडा. ठोका चालूच.)

आणि हा ठोका प्रभात रस्त्यावरच्या एका गल्लीतला. इथे तांबं नाही, हातोडीही नाही. शेंड्याकडे बघा, त्या निष्पर्ण काटकीवर. चिमणीहून जरासा मोठा, अंगानं हिरवा, कपाळ आणि छातीवरचा पट्टा कुंकवासारखे लाल, गळा पिवळा. या पक्ष्याचंही नाव तांबट. टुक्, टुक्, टुक्. ओरडताना तो चोच उघडत नाही, फक्त गळा फुगतो. दर ठोक्याला मान थोडी वळते, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. पुण्यात वाढलेल्या प्रत्येकानं उन्हाळ्याच्या दुपारी हा आवाज ऐकलेला असतो. पक्षी पाहिलेले फार थोडे.

(वठलेली फांदी, खालच्या बाजूनं.)

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. जोडीनं फांदी निवडली आहे. पानं नाहीत, साल सुटलेली. आपण जिला मेलेली म्हणतो, तीच त्यांना हवी असते. सुतारपक्ष्याची चोच छिन्नीसारखी असते. तांबटाची आखूड, जाडसर, बुडाशी राठ केस. हिरवं, जिवंत लाकूड या चोचीला दाद देत नाही. आतून भुसभुशीत झालेली फांदीच लागते.

सुरुवात फांदीच्या पोटाकडून, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. पहिले काही दिवस दिसते ती नुसती रुपयाएवढी खळी. मग डोकं आत जातं. मग खांदे. या चित्रात फक्त शेपटी बाहेर आहे आणि ती थरथरते आहे. आता तो मागे सरकेल... चोचभर भुसा, मान झटकून बाहेर. पुन्हा आत. थोड्या वेळानं जोडीदार येतो आणि पाळी बदलते. नर कोणता, मादी कोणती, हे आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही. काम दोघांचं, पुढे अंडी उबवणंही दोघांचं. भोक अगदी अंगापुरतं. आत गेलं की ते वळतं आणि खोली रुंदावत जाते. आम्ही दोन आठवडे खाली उभे होतो, आणि रोज सकाळी झाडाखालच्या गाडीच्या टपावर ताजा भुसा पडलेला असायचा.

(वेताळ टेकडीचा पायथा. पांगारा, भोरड्यांचा थवा.)

याच दिवसांत हे पाहुणे निघायच्या तयारीत होते. भोरड्या. पांगाऱ्याच्या लाल फुलांत चोची बुडवून घेताहेत. एप्रिल सरेपर्यंत त्या मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवर जातील. तिथे टोळ-नाकतोड्यांचा सुकाळ असतो, आणि दगडांच्या सापटीत त्यांची घरटी होतात. कवडीपाटच्या बंधाऱ्यावरचे चक्रवाकही जातील, लडाख-तिबेटकडे. त्यांची पिल्लं तिकडे वाढतात.

तांबटाला मात्र जायला दुसरी जागा नाही.

(विद्यापीठाचा परिसर. जुनं झाड, ढोली, राखी धनेश.)

हा धनेश तर भोकही पाडू शकत नाही. त्याला आयती, मोठी ढोली लागते, आणि ती जुन्या झाडातच मिळते. मादी आत बसून विष्ठा आणि मातीनं तोंड लिंपून घेते. फट उरते ती चोचीपुरती. नर उंबराची फळं आणतो. एक, अजून एक, गळ्यातून वर काढून देतोच आहे.

तांबटाचं रिकामं झालेलं घरही वाया जात नाही. पुढे कधी त्यात दयाळ राहायला येतो, कधी रानचिमणी. म्हणून एक वठलेली फांदी म्हणजे सरपण नव्हे.

(पुन्हा प्रभात रस्ता. चोचीत उंबर, भोकातून डोकावणारं पिल्लू.)

एप्रिल. हे चित्रण मंगळवारचं.

गुरुवारी पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत ती फांदी उतरवली गेली. पिल्लं वाचली नाहीत.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा वेगळा कायदा आहे. फांदी खरोखरच धोक्याची असेल तर ती काढावीच लागते. पण करवत लावण्याआधी खाली पाच मिनिटं उभं राहून वर बघा. फांदीच्या पोटाला गोल भोक दिसलं, पक्षी आत-बाहेर करत असला, तर छाटणी पुढे ढकला. सोसायटीच्या सभेत हे एकदा बोला, फेब्रुवारीच्या आधी.

(पदपथावर फांद्यांचा ढीग. उभा चिरलेला ओंडका.)

फांदी आम्हाला ढिगात सापडली. करवत नेमकी खोलीतून गेली होती. आतली भिंत गुळगुळीत आहे. कॅमेरा थोडा जवळ नेला, की चोचीच्या खुणा दिसतात. खुणेशेजारी खूण, ओळीनं, मठारलेल्या घंगाळावर असतात तशा.