खोडावर कोरलं होतं, खणा

नमस्कार मंडळी. आज एका झाडाची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलियात खूप आत, जिथे कूपर क्रीक नावाचा प्रवाह रखरखीत मुलखातून वाट काढतो, तिथे त्याच्या काठावर एक जुनं कूलिबाचं झाड उभं आहे. त्याला डिग ट्री म्हणतात, कारण १८६१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या खोडावर कोरलं होतं, "खणा".

पण आधी मेलबर्नला जाऊ. २० ऑगस्ट १८६० ला तिथल्या रॉयल पार्कमधून एक मोहीम निघाली, खंड दक्षिणेकडून उत्तरेला पार करायचा होता आणि मधला नकाशा कोरा होता. बघायला हजारो लोक जमलेले. प्रमुख होता रॉबर्ट ओ'हारा बर्क, आयरिश माणूस, पोलीस अधिकारी, आणि शोधमोहिमेचा अनुभव शून्य! बरोबर वीसेक टन सामान, दोन वर्षांचं रेशन, वर ओकचं टेबल, खुर्च्या, आतषबाजीचे बाण, एक मोठी घंटा, आणि उंटांसाठी रम, हो हो, उंटांना पाजायला चांगली साठ गॅलन रम. उंट कराचीहून जहाजाने आणलेले आणि त्यांना हाकणारी माणसंही त्याच बाजूची. एक गाडी तर बागेतून बाहेर पडायच्या आतच मोडली म्हणतात.

पुढे भांडणं झाली, माणसं सोडून गेली, सामान वाटेत टाकलं, ते सगळं सांगत बसत नाही. मुद्दा असा की १६ डिसेंबरला बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघंच कूपर क्रीकच्या तळावरून उत्तरेला निघाले. बाकीच्यांना, म्हणजे ब्राहे आणि त्याच्या सोबत्यांना, सांगून गेले की तीनेक महिने थांबा. फेब्रुवारीत ते उत्तर किनाऱ्यावरच्या कार्पेंटेरियाच्या आखाताजवळ पोचले, पाणी खारट लागलं, भरती-ओहोटी दिसली, पण मधे खारफुटी आणि दलदल, त्यामुळे समुद्र काही प्रत्यक्ष दिसलाच नाही. तसेच परत फिरले. वाटेत ग्रे गेला, आणि इतके थकलेले की त्याला पुरण्यातच एक दिवस गेला.

आता तो एक दिवस लक्षात ठेवा. कारण २१ एप्रिलला संध्याकाळी उरलेले तिघं खुरडत खुरडत तळावर पोचले तेव्हा तळ रिकामा होता आणि शेकोटीची राख अजून गरम होती. ब्राहे चार महिने थांबला, त्याचा एक माणूस आजारी, मग त्याच दिवशी सकाळी निघाला. नऊ तासांची चुकामूक! झाडाखाली खणलं तर थोडं रेशन आणि चिठ्ठी निघाली. तिघांनी रेशन घेतलं, स्वतःची चिठ्ठी पुरली, आणि खड्डा इतका व्यवस्थित बुजवला की वरून काही हललंय असं वाटूच नये. झाडावर नवी खूण मात्र केली नाही. म्हणजे बघा, थोड्या दिवसांनी ब्राहे खरंच परत आला, जमीन जशीच्या तशी दिसली आणि न खणताच गेला. मला ही गोष्ट वाचताना दर वेळी इथे पुस्तक मिटावंसं वाटतं.

पण नशिबावर सगळं ढकलू नका. तो नकाशा कोरा होता खरा, मुलूख रिकामा नव्हता. कूपर क्रीकच्या काठी यांद्रूवांदा लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, आणि ते या तिघांना मासे आणून देत, नार्डूच्या भाकऱ्या देत. नार्डू म्हणजे पाणथळ जागेतला एक नेचा, त्याच्या कडक बोंडांचं पीठ करतात. एकदा ते शिजवलेले मासे घेऊन आले तर बर्कने स्वतःच त्यांच्या हातातल्या जाळ्या पाडल्या आणि किंगला ओरडून सांगितलं, बंदूक झाड. का? तर फार सलगी केली तर ही माणसं सारखी येतील म्हणून. लोक पळाले. आणि बर्कने ते मासे मात्र गोळा केले!

मग हे तिघं स्वतःच नार्डू दळून खायला लागले. पोट भरायचं, अंगात जोर नाही. विल्सने डायरीत लिहिलंय की नार्डूवरची उपासमार तशी काही वाईट नाही, फक्त अशक्तपणा येतो आणि हलता येत नाही. नार्डूत असं काहीतरी असतं की ते शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व मोडतं, आणि यांद्रूवांदा बायका ते पाण्यात कालवून वगैरे ज्या पद्धतीने करायच्या ती पद्धत यांनी उचललीच नाही, असं पुढे शास्त्रज्ञांनी मांडलंय. रेसिपी शेजारी होती हो, विचारायचं फक्त. जूनच्या अखेरीला बर्क आणि विल्स दोघंही गेले.

अगदी असंच उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातही घडलंय. फ्रँकलिन नावाच्या इंग्रज कप्तानाच्या मोहिमेतली १२९ माणसं दोन जहाजांसकट हरवली, १८५४ मध्ये जॉन रे नावाच्या डॉक्टरने तिथल्या मूळच्या इनुइट लोकांना विचारून काय झालं ते सांगितलं तर लंडनमध्ये लोक त्याच्यावरच उखडले. जहाजं सापडली २०१४ आणि २०१६ मध्ये, आणि इनुइट आठवणींनी त्या शोधात मदत केली. उलट नॉर्वेचा अमुंडसेन दोन हिवाळे नेट्सिलिक या इनुइट लोकांजवळ राहिला, कपडे कसे घालायचे, कुत्र्यांच्या गाड्या कशा हाकायच्या ते शिकला आणि मग १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर गेला.

आता किंग राहिला. तो एकटा पडल्यावर यांद्रूवांदांच्या मागे मागे फिरला. त्यांनी आधी कानाडोळा केला, मग जागा दिली. तो बंदुकीने कावळे मारून आणायचा, एका बाईच्या हातावरची जखम धुवायचा, ती त्याला नार्डू शिजवून द्यायची. सप्टेंबरच्या मध्यात शोधपथक आलं तेव्हा फाटक्या कपड्यातला, उन्हाने करपलेला तो माणूस त्यांना पटकन ओळखूच आला नाही. नाव विचारलं, तो म्हणाला, मी किंग, साहेब. मागाहून मेलबर्नहून यांद्रूवांदांना आभाराचे पितळी बिल्ले पाठवले, गळ्यात घालायचे, वर मजकूर इंग्रजीत.